गर्भाचें पंचांग

आपल्या मराठी भाषेनें गर्भारपणाची सारी हकीकत ‘दिवस’ ह्या एका शब्दांत बसविली आहे. लेकीला दिवस गेले, सुनेला दिवस राहिले, दिवस भरत आले, दिवस भरले. (शेवटचा वाक्प्रचार रागाच्या भरांत आपण दुसऱ्याहि अर्थानें वापरतों, पण तो आजचा विषय नव्हे.) जी भाषा इतक्या आग्रहानें दिवस मोजते, तिला ते नेमके कोठून मोजावयाचे हें मात्र ठामपणें कधीं सांगतां आलें नाहीं. हा दोष एकट्या मराठीचा नाहीं. गेलीं दोन-अडीच हजार वर्षें वैद्य, भिक्षु, सुइणी आणि न्यायाधीश ह्याच प्रश्नापाशीं अडखळत आलेले आहेत, आणि त्यांच्या अडखळण्याचें मोल पुष्कळदां एखाद्या विधवेला किंवा तिच्या पोरक्या मुलाला द्यावें लागलें आहे.

आज शहरांतील गर्भवती स्त्रीच्या हातीं चाळीस घरांचें एक पंचांग असतें. अमक्या आठवड्यांत हृदयाचे ठोके, तमक्यांत बोटें, विसाव्याच्या सुमारास पोटांतील हालचाल, असा त्यांत आठवड्यागणिक हिशेब मांडलेला असतो. हें सारें पाश्चात्य वैद्यकाचें देणें आहे असा आपला समज असतो. चाळीस ही संख्या तिकडची खरी. पण गर्भ आठवड्यांनीं मोजण्याची कल्पना आपल्याच देशांत फार जुनी आहे.

गर्भोपनिषद् नांवाचें एक लहानसें उपनिषद् आहे. त्यांत पहिल्या रात्रीं कलल, सात रात्रींनीं बुडबुडा, पंधरवड्यानें पिंड, महिन्यानें तो कठीण, दोन महिन्यांनीं मस्तक, तिसऱ्यांत पाय, अशी बढती सांगितली आहे. म्हणजे आरंभीं मोजमाप रात्रींचें, मग पक्षाचें आणि मग महिन्यांचें. सुश्रुतानें मात्र सरळ महिनेच घेतले. चवथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, त्यामुळें स्त्री दोन हृदयांची होते, आणि तिला ज्या इच्छा होतात ते दौहृद, म्हणजेच आपले डोहाळे, असें तो सांगतो. चरक हीच गोष्ट तिसऱ्या महिन्यांत घालतो. कोणता अवयव आधीं होतो ह्यावर सुश्रुतानें पांच ऋषींचीं पांच मतें दिलीं आहेत : कोणी मस्तक म्हणतो, कोणी हृदय, कोणी नाभि, कोणी हातपाय, तर कोणी धड. त्यावर धन्वंतरीचा निकाल असा कीं, सारे अवयव एकदमच उत्पन्न होतात, केवळ सूक्ष्मपणामुळें दिसत नाहींत. दृष्टांत आंब्याचा आहे. पिकलेल्या आंब्यांत रेषा, गर आणि कोय वेगळीं दिसतात. कोवळ्या कैरीत तीं असतातच, पण ओळखूं येत नाहींत. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या माणसानें ह्याहून समर्पक कांहीं बोलावें अशी अपेक्षाच करतां येत नाहीं.

परंतु खरें आठवड्यांचें पंचांग लिहिलें तें वैद्यांनीं नव्हे, तर बौद्ध भिक्षूंनीं. ‘गर्भावक्रान्तिसूत्र’ ह्या नांवाचा एक ग्रंथ आहे. त्याचें मूळ संस्कृत रूप हरवलें. चिनी आणि तिबेटी भाषांतरांत तो टिकून राहिला. त्याच्या एका पाठांत बुद्ध आपला सावत्र भाऊ नंद ह्याला गर्भाची वाढ समजावून सांगतो, आणि ती एकेका आठवड्यानें. पहिल्या आठवड्यांत कलल, दुसऱ्यांत अर्बुद, तिसऱ्यांत पेशी, चवथ्यांत घन, पांचव्यांत हातापायांच्या शाखा. प्रत्येक आठवड्याला गर्भाशयांत एक वेगळा वायु उठतो आणि तो त्या त्या आठवड्याचें काम करतो. असे अडतीस आठवडे. शेवटच्या वायूनें मूल खालीं डोकें करून बाहेर येण्यास सिद्ध होतें.

अडतीस आठवडे म्हणजे २६६ दिवस. आजचें वैद्यक गर्भधारणेच्या दिवसापासून प्रसूतीपर्यंतचा सरासरी काळ जवळजवळ तेवढाच धरतें. ह्यावरून प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें अशी आरोळी ठोकण्याचा मोह कित्येकांस होईल. मला तसें वाटत नाहीं. ज्या वायूंचीं नांवें त्या सूत्रांत आहेत ते कोणी पाहिलेले नव्हते, आणि त्या भिक्षूंचा हेतु गर्भवतीला धीर देण्याचाहि नव्हता. नंदाचें मन पत्नींतून आणि संसारांतून निघत नव्हतें; जन्माला येणें हेंच केवढें दुःख आहे हें त्याला पटवावयाचें होतें. आपल्याकडे समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीं गर्भवासाचें जें भयंकर वर्णन केलें आहे, त्याचा हेतु असाच वैराग्याचा आहे. एवढें मात्र खरें कीं, कोणीतरी पुष्कळ बायकांचे दिवस काळजीपूर्वक मोजल्याखेरीज अडतीस हा आंकडा निघाला नसता. त्या मोजणाऱ्या बहुधा सुइणीच असाव्यात, आणि त्यांचीं नांवें कोणत्याच सूत्रांत आलेलीं नाहींत.

मोजणींत एक महिना मात्र सर्वांनाच नकोसा झालेला दिसतो, तो आठवा. ह्या महिन्यांत ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे जात येत असतें, त्यामुळें ह्या वेळचा जन्म घातक, असें चरक आणि सुश्रुत दोघेहि सांगतात. चरकानें तर जाणत्यांच्या मतें हा महिना ‘अगण्य’, म्हणजे मोजूंच नये असा, असें नमूद केलें आहे. तिकडे ग्रीसमध्यें हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत आठव्या महिन्याच्या बालकावर स्वतंत्र प्रकरण आहे : सातव्यांत झालेलें मूल जगेल, आठव्यांतलें जगणार नाहीं. आज आपणांस निश्चित ठाऊक आहे कीं, पोटांत काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक मुलाच्या जगण्याची आशा वाढते, आणि आठव्यांतलें मूल सातव्यांतल्यापेक्षां कितीतरी बळकट असतें. मग हा समज दोन दूरच्या देशांत टिकला कसा ? माझा तर्क असा कीं, जें मूल आठव्यांत होऊन जगलें तें घरच्यांच्या हिशेबांत नवव्यांतलें किंवा सातव्यांतलें ठरलें, आणि जें गेलें तेवढेंच आठव्याच्या खात्यावर पडलें.

असें होण्यास हिशेबांत भरपूर वाव होता. आपली ठरलेली मुदत ‘नऊ महिने नऊ दिवस’. पण महिने कोणते ? शेवटच्या पाळीपासून तिथीनें धरलें तर नऊ चांद्रमासांचे सुमारें २६६ आणि वर नऊ, म्हणजे २७५ दिवस होतात. इंग्रजी महिने धरले तर २८२ ते २८५. त्यांत अधिक महिना आला म्हणजे आणखीच घोळ. चैत्रांत पाळी चुकली तर सून पौषांत मोकळी व्हावी, असें बोटांवर मोजून ठेवलें आणि मध्यें अधिक आषाढ येऊन गेला, तर नऊ महिने मार्गशीर्षांतच पुरे होतात. दक्ष आजीबाई तो महिना विसरत नसत. जी विसरली, तिच्या हिशेबीं पूर्ण दिवसांचें नातवंड आठव्यांत जन्मलें.

शिवाय ‘लागला’ आणि ‘भरला’ ह्यांतला भेद आहेच. सातवा लागला म्हणजे सहा भरले, हें आपल्या बायकांना सांगावें लागत नाहीं. प्राचीन रोमन लोक गर्भाची मुदत दहा महिने सांगत, तीहि ह्याच रीतीनें, चालू महिना धरून. तो आंकडा त्यांच्या बारा पट्टांच्या कायद्यांत गेला, आणि तेथूनच खरा अनर्थ सुरू झाला : बापाच्या मृत्यूनंतर दहाव्या महिन्यापर्यंत जन्मलें तर मूल त्याचें, अकराव्यांत जन्मलें तर नव्हे. दुसऱ्या शतकांतील लेखक औलस गेलियस ह्यानें एक प्रकरण नोंदलें आहे. नवऱ्याच्या निधनानंतर अकराव्या महिन्यांत एका सच्छील स्त्रीला मूल झालें. लोकांनीं हिशेब मांडून तिला दोष दिला. प्रकरण बादशहा हेड्रियन ह्याच्यापर्यंत गेलें. त्यानें जुन्या तत्त्वज्ञांचीं आणि वैद्यांचीं मतें पाहिलीं आणि अकराव्यांतहि जन्म होऊं शकतो असा निर्णय दिला. एका बाईची अब्रू आणि एका बालकाचें कुलनाम एका महिन्याच्या फरकावर लोंबकळत होतें.

तेव्हांपासून कायद्याला आंकडा हवा आणि निसर्ग तो देत नाहीं, अशी ओढाताण चालूच आहे. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेनें उदारपणें ३०० दिवस दिले. इंग्लंडांत ठराविक आंकडाच नव्हता, म्हणून १८२५-२६ सालीं लॉर्डांच्या सभेपुढें गार्डनर घराण्याचा प्रसिद्ध तंटा उभा राहिला. नौदलांतील पति १८०२ च्या जानेवारीच्या अखेरीस पत्नीचा निरोप घेऊन गेला, जुलैमध्यें परतला आणि मूल जन्मलें ८ डिसेंबरला. निरोपापासून मोजावें तर सुमारें ३११ दिवस, परतण्यापासून मोजावें तर अवघे १५०, आणि मूल तर पुऱ्या दिवसांचें. मोठमोठे डॉक्टर साक्षीस आले. कांहीं म्हणाले २८० च्या पुढें गर्भ राहणें अशक्य, इतर म्हणाले आम्हीं राहिलेला पाहिला आहे. पत्नीच्या वर्तनाबद्दल दुसराहि पुरावा होता, आणि निकाल त्या मुलाच्या विरुद्ध गेला. पण डॉक्टरांचा वाद मिटला नाहीं. १९२१ सालीं इंग्रज न्यायालयानें ३३१ दिवस मान्य केले; १९५१ सालीं लॉर्डांनीं ३६० दिवस अमान्य केले.

आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ११२ व्या कलमांत २८० दिवस घातले : विवाहसंबंध संपल्यापासून इतक्या दिवसांत मूल झालें आणि आईनें पुनर्विवाह केलेला नसला, तर तें त्याच पतीचें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत हेंच कलम ११६ व्या क्रमांकानें कायम आहे. येथें एक गंमत लक्षांत घ्यावी. वैद्यकाचे २८० दिवस पाळीपासून असतात आणि कायद्याचे पतीच्या मृत्यूपासून. म्हणून नकळत विधवेच्या पदरांत दोन आठवडे जास्त पडलेले आहेत. २८१ व्या दिवशीं जन्मलेलें मूल अनौरस ठरतें असेंहि नाहीं. तेथपासून फक्त पुरावा द्यावा लागतो. पण तो द्यावयाचा म्हणजे काय, हें ज्या बाईला न्यायालयांत उभें राहावें लागतें तिलाच ठाऊक.

हे २८० दिवस वैद्यकांत रूढ झाले त्याचें श्रेय जर्मनींतील हायडेलबर्गचे प्राध्यापक फ्रान्झ कार्ल नेगेले ह्यांना देतात. १८३० सालीं त्यांनीं सुइणींसाठीं पाठ्यपुस्तक लिहिलें आणि लायडेनचे जुने आचार्य बुरहाव्हे ह्यांच्या आधारानें एक सोपी युक्ति सांगितली : शेवटच्या पाळीपासून तीन महिने मागें जावें आणि सात दिवस पुढें यावें. पाळी १० जूनची असली तर प्रसूति १७ मार्चला. पण पाळीचा पहिला दिवस धरावयाचा कीं शेवटचा, हें त्यांनीं स्पष्ट केलें नाहीं. चारपांच दिवसांचा हा फरक पुढें कितीतरी वर्षें दोन्ही बाजूंनीं वापरांत राहिला, आणि अखेर बहुतेक पुस्तकांनीं पहिला दिवस पक्का केला. त्याहून विलक्षण गोष्ट निराळीच आहे. १९२० नंतरच्या दशकांत जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस ह्यांनीं बीज केव्हां सुटतें हें शोधून काढलें, तेव्हां असें दिसलें कीं, ह्या पंचांगाच्या पहिल्या दोन आठवड्यांत स्त्री मुळीं गर्भवती नसतेच ! तरीहि आरंभ तोच राहिला, कारण पाळीचा दिवस बाईला आठवतो आणि गर्भ राहिल्याचा दिवस तिला कळत नाहीं. अठ्ठावीस दिवसांऐवजीं जिची पाळी पस्तीस दिवसांनीं येते, तिचें पंचांग आरंभापासूनच एक आठवडा पुढें धांवतें.

ही चूक दुरुस्त केली ती ध्वनिलहरींनीं. ग्लासगोचे इयन डोनल्ड ह्यांनीं १९५८ सालीं ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र उमटविल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच शहरांत ह्यू रॉबिन्सन ह्यांनीं १९७३ सालीं गर्भाची माथ्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजून त्याचें वय ठरविण्याची रीत दिली. पहिल्या तीन महिन्यांत ती साधारण पांच दिवसांच्या आंत अचूक येते. आठवडा हें माप आतां केवळ सोयीचें राहिलेलें नाहीं. सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं झालेलें मूल अकाली मानून त्याची वेगळी शुश्रूषा होते. गर्भपाताच्या आपल्या कायद्यानें १९७१ सालीं बारा आणि वीस आठवड्यांच्या रेषा आंखल्या, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें त्या वीस आणि चोवीस केल्या. आठव्या महिन्याला मोजूंच नये म्हणणाऱ्या चरकाला हें चमत्कारिक वाटलें असतें. आणि इतकें करूनहि पंचांगांतल्या नेमक्या तारखेस शंभरांत जेमतेम चारपांच मुलें जन्मतात. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बीज सुटल्याच्या दिवसापासून काटेकोर मोजणी केली, तरी पुऱ्या दिवसांच्या प्रसूतींत सुमारें पांच आठवड्यांचा फरक आढळला.

प्रसूतिगृहांत नांव नोंदवितांना पहिला प्रश्न अजून तोच असतो : शेवटची पाळी कधींची ? कागदावर तारखेची चौकोनी जागा असते. खेड्यांतून आलेली बाई क्षणभर थांबते आणि म्हणते, “संक्रांतीच्या आदल्या दिवशीं बाजूला बसलें होतें.” मग परिचारिका उठते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचीं पानें मागें उलटते आणि संक्रांत कोणत्या वारीं होती तें पाहूं लागते.