मातीचा राक्षस आणि एक रिकामा कोपरा

१९३३ साली ‘किंग काँग’ आला, तेव्हा लॉस एंजेलिसचा रे हॅरीहाउसेन बारा-तेरा वर्षांचा होता. पडद्यावरचं ते अजस्र माकड हलतं कसं, या प्रश्नाने त्याला पछाडलं. उत्तर साधं होतं. विलिस ओब्रायन यांनी धातूच्या सांगाड्यावरची छोटी बाहुली वापरली होती. तिचा हात किंचित हलवायचा, एक फ्रेम घ्यायची. पुन्हा किंचित हलवायचा, पुन्हा एक फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांच्या सिनेमासाठी २४० चित्रं! यालाच स्टॉप मोशन म्हणतात.

रेने घरीच उद्योग मांडला. त्याच्या अस्वलाला आईच्या कोटाची फर लागली. वडील यंत्रकामातले, बाहुल्यांचे सांधे ते करून देत, कपडे आई शिवायची. गॅरेज हाच स्टुडिओ. प्राण्यांच्या उत्क्रांतीवरचा त्याचा सिनेमा पुरा झालाच नाही, पण त्यातले तुकडे नोकरी मिळवताना कामी आले. पुढे ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मध्ये (१९६३) सात सांगाड्यांची लढाई उभी करायला त्याला साडेचार महिने लागले. असे सिनेमे पाहत वाढलेल्या डेनिस म्युरेनने कॉलेजच्या वयात मित्रांना जमवून ‘इक्विनॉक्स’ हा राक्षसांचा सिनेमा केला. तो १९७० साली चक्क थिएटरात लागला. ‘जुरासिक पार्क’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या चमूतही हाच म्युरेन होता.

ही युक्ती आपल्या घरातलीही आहे बरं का! ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि एकेक फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. बी रुजून वेल झालेली पडद्यावर पाहिली, तेव्हा पैसे घालणाऱ्याला भरवसा आला. पुढे त्यांनी आगकाड्यासुद्धा नाचवल्या.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत हे सगळं कशाला, असं काही जण विचारतील. सांगतो. गेल्या मे महिन्यात आपल्याच मुलांनी क्लेचा राक्षस करून खालच्या पॅसेजमध्ये शूटिंग मांडलं होतं. कॅमेरा म्हणजे पुस्तकांच्या ढिगाला टेकवलेला मोबाइल. दोन दिवसांत जेमतेम सात सेकंद झाली. तिसऱ्या दिवशी येण्याजाण्याला अडचण म्हणून टेबल कुणीतरी सरकवलं, आणि सिनेमा तिथेच थांबला. चूक कुणाचीच नाही. पॅसेज हा जाण्यायेण्यासाठीच असतो. पण या कामात टेबल बोटभर जरी हललं, तरी पडद्यावर सगळं दृश्य उडी मारतं.

या मुलांकडे कॅमेरा आहे, चिकाटी आहे. नाही ती हलवाहलव न होणारी जागा. रेच्या आईवडिलांनी मुलाला खरं तर तीच दिली होती. आपल्या फ्लॅटना गॅरेज नाही, पण सोसायटी ऑफिसच्या मागची खोली आहे. सध्या तिथे जुन्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचा सांगाडा पडून आहे. ती भाड्याने द्यावी असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येतो आहे. भाडं येईल, नाही असं नाही. तरी माझी सर्व सभासदांना विनंती आहे : निदान सुट्टीचे दोन महिने ती खोली मुलांना द्या. एक टेबल, एक दिवा आणि दारावर पाटी, ‘हात लावू नये’. एवढं पुरे.