मुंबईतील बेने इस्राएल आणि प्रौढांचे धर्मशिक्षण

हिब्रू परंपरेत सिनेगॉग हे केवळ प्रार्थनेचे स्थान नव्हे; ते अध्ययनाचे आणि समाजाने एकत्र जमण्याचेही स्थान होय. ह्यांपैकी अध्ययनाची परंपरा कोकणातील बेने इस्राएल समाजात दीर्घकाळ खंडित झाली होती. 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या लोकांनी शब्बाथाचा विश्राम, सुंता, आहाराचे काही निर्बंध आणि 'शेमा' हे सूत्र जतन केले. परंतु हिब्रू विद्या त्यांच्यापाशी उरली नव्हती. 1796 मध्ये सॅम्युएल एझिकिएल दिवेकर ह्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले, तेव्हा उपासनेस वास्तू लाभली. तेथील शब्दांचा अर्थ सामान्य उपासकास कळण्यास मात्र आणखी कित्येक दशके जावी लागली.

हा अर्थ आला तो मराठीतून, आणि प्रथम अनपेक्षित हातांनी. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामागील धर्मप्रसाराचा हेतू लपलेला नव्हता; तथापि बेने इस्राएलांनी बहुधा व्याकरण तेवढे घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर (1834-1905) ह्या व्यासंगी शिक्षकाने हिब्रू प्रार्थना व अन्य ग्रंथ मराठीत आणले. 1880 च्या सुमारास समाजातील काही मंडळींनी कीर्तनाची पद्धती स्वीकारली आणि बायबलमधील आख्याने मराठी पदांतून सांगितली जाऊ लागली. पोथीपेक्षा कानाने शिकणाऱ्या प्रौढ श्रोत्यांस ही पाठशाळाच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर 1925 मध्ये मुंबईत 'ज्यूइश रिलिजियस युनियन' स्थापन झाली. तिच्या संस्थापिका डॉ. जेरुशा झिराड ह्या पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख (1928-1947) म्हणून ख्यातनाम झाल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनमध्ये असताना त्यांचा तेथील उदारमतवादी ज्यू चळवळीशी परिचय झाला. लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटेफिओरे ह्यांनी 1902 मध्ये सुरू केलेल्या त्या चळवळीत स्त्रीपुरुष एकत्र बसत आणि प्रार्थनेचा बराच भाग इंग्रजीत होई. न समजता केलेले पठण ही उपासना नव्हे, हे तिचे मुख्य प्रतिपादन. मुंबईचे मंडळ स्थापन झाले ते उदारमतवादी ज्यूंच्या जागतिक संघटनेच्या (1926) एक वर्ष आधी, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. भायखळ्याचे रोदेफ शालोम हे त्याचे सिनेगॉग.

येथे एक विसंगती दिसते. अर्थबोधाचा आग्रह धरणारे हे मंडळ मुख्यतः इंग्रजी शिकलेल्या वर्गातच रुजले. मराठीतून अर्थबोधाचे जे साधन समाजाने आधीच घडविले होते, ते त्याच्या केंद्रस्थानी आले नाही. ह्याचा दोष एकट्या मंडळावर टाकणे अन्यायाचे ठरेल. धर्मविचारात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान देण्याचे जे धैर्य लंडनच्या आदर्शाने दिले, ते कीर्तनाने दिले नव्हते. 1957 ते 1960 ह्या काळात मंडळाचे रब्बी ह्यूगो ग्रिन हे होते. किशोरवयात आउश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या ह्या धर्मगुरूचे पहिले मोठे कार्यक्षेत्र मुंबई असावे, हा योगायोग विलक्षण खरा.

तोपर्यंत इस्राएलकडे स्थलांतर सुरू झाले होते. 1962 मध्ये तेथील सनातनी प्रमुख रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या विवाहांस वंशशोधाची अट घातली. कोकणातील एकाकी शतकांत घटस्फोटाचे व दिराशी विवाहाचे धर्मनियम ह्या लोकांस ठाऊक नव्हते, सबब त्यांची वंशशुद्धी संशयास्पद, असा युक्तिवाद होता. म्हणजे पूर्वजांच्या अध्ययनातील खंड हाच आता वंशजांविरुद्ध पुरावा ठरला. उदारमतवादी शिक्षणास त्या कचेरीपुढे काहीच मान्यता नव्हती. अखेर आंदोलने झाली, आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले.