वीजवाहिन्यांवरील प्रकाशतंतू : तीन पद्धतींचा तौलनिक इतिहास

उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवरून आज विजेबरोबर संदेशही वाहतात. या कार्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारच्या प्रकाशतंतू-केबली रूढ झाल्या : भूतारेच्या पोटात तंतू सामावणारी ‘ऑप्टिकल ग्राउंड वायर’, धातूचा अंशही नसलेली ‘ऑल-डायइलेक्ट्रिक सेल्फ-सपोर्टिंग’ अर्थात एडीएसएस, आणि पूर्वीच्या तारेभोवती गुंडाळली जाणारी ‘रॅप’ केबल. त्यांची मांडणी बहुधा श्रेष्ठ-कनिष्ठ अशा क्रमाने केली जाते. परंतु इतिहास पाहता या एकाच शिडीच्या तीन पायऱ्या नव्हेत. भिन्न परिस्थितींना दिलेली ती तीन उत्तरे होत.

वीजपुरवठ्याला संदेशवहनाची गरज प्रारंभापासूनच होती. वाहिनीत दोष उद्भवताच तिच्या दोन्ही टोकांचे सर्किट ब्रेकर सेकंदाच्या अल्पांशात उघडावे लागतात. संदेश चुकला तर एका वाहिनीचा दोष साऱ्या प्रदेशाला अंधारात लोटू शकतो. 1920 च्या दशकात वीजतारेवरूनच उच्च कंप्रतेचे संदेश धाडण्याची ‘पॉवर लाइन कॅरियर’ पद्धती प्रचारात आली. तिची क्षमता तुटपुंजी होती. शिवाय ज्या तारेच्या दोषाची वार्ता द्यावयाची, तीच तार संदेशाचा मार्ग होती. 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादिले की, काचेतील अशुद्धी दूर केल्यास प्रकाशाचे क्षीणन किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत खाली आणता येईल. 1970 मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तसा तंतू सिद्ध केला. काचेला विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाची बाधा होत नसल्याने वीजवाहिनीच्या सान्निध्यात तो विशेष उपयुक्त ठरला.

मनोऱ्याच्या शिरोभागी असणारी भूतार आकाशातील विजेपासून वाहिनीचे रक्षण करते आणि दोषप्रवाहाचा काही भाग वाहून नेते. याच तारेच्या गाभ्यात तंतू ठेवण्याच्या रचनेचे पेटंट ब्रिटनमधील बीआयसीसी कंपनीने 1977 मध्ये घेतले. ॲल्युमिनियमच्या वा पोलादाच्या नळीत तंतू आणि भोवती धातूच्या तारांचे वेढे, असे तिचे स्वरूप होय. नव्या वाहिनीस भूतार लागतेच. तेव्हा एकाच तारेत दोन कार्ये साधतात. जुन्या वाहिनीवर मात्र मूळची भूतार उतरवावी लागते. चालू वाहिनीवर हे काम करण्याच्या रीती पुढे विकसित झाल्या, तरी ते खर्चाचे आणि जोखमीचेच राहिले.

एडीएसएस केबलीने भूतारेला हात न लावता मार्ग काढला. ॲरामिड धाग्यांच्या बळावर ती स्वतःचा भार पेलते व वाहक तारांच्या खालून स्वतंत्रपणे ओढली जाते. अवाहक असणे हा तिचा गुण. पण तिच्या दुखण्याचे मूळही तेथेच आहे. धूळ वा क्षार साचलेले आवरण पावसाने भिजले की, भोवतालच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे त्यावरून सूक्ष्म प्रवाह मनोऱ्याकडे वाहतो. आधाराजवळचा एखादा पट्टा आधी वाळतो, त्या कोरड्या पट्ट्यावर ठिणगी उडते आणि आवरण हळूहळू जळते. म्हणून केबल टांगण्याच्या जागी विद्युत्‌विभव सुमारे 12 किलोव्होल्टपेक्षा अधिक असल्यास साधे पॉलिथीन पुरेसे मानले जात नाही. विशेष प्रतिरोधक आवरण वापरावे लागते.

रॅप पद्धतीत लहानसे यंत्र भूतारेवरून सरकत जाऊन तिच्याभोवती बारीक केबल गुंडाळते. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात नॅशनल ग्रिडने एनर्जिस ही दूरसंचार कंपनी उभारली, तेव्हा या पद्धतीचा मोठा उपयोग झाला. मनोरे आणि भूतारा आधीच उभ्या होत्या. रस्ते न खणता देशव्यापी जाळे हवे होते. परंतु गुंडाळलेल्या केबलीस धातूचे कवच नसते, आणि भूतारेचे आयुष्य सरले की तिचेही सरते.

या केबलींची नावे येथे विचारार्ह आहेत. पहिलीचे नाव ती जिची जागा घेते त्या तारेवरून आले, दुसरीचे धातूच्या अभावावरून, तर तिसरीचे गुंडाळण्याच्या क्रियेवरून. प्रत्येक नावात जुन्या वाहिनीशी असलेले नवागताचे नाते व्यक्त होते : पहिली जागा घेते, दुसरी अंतर राखते, तिसरी आश्रय घेते.

भारतात 1989 मध्ये स्थापन झालेल्या पॉवरग्रिडने 1998 मध्ये दूरसंचार व्यवसायात प्रवेश केला आणि आपल्या प्रेषणवाहिन्यांवर प्रामुख्याने पहिला प्रकार स्वीकारला. विस्तारणाऱ्या जाळ्यात नव्या वाहिन्या उभ्या राहत असताना ही निवड स्वाभाविक होती. तिच्यावरून अन्य दोन प्रकार हीन ठरत नाहीत. तंतूची काच तिन्हींत एकाच जातीची आहे. भेद आहे तो तिला वाहणाऱ्या मार्गाच्या वयाचा, मालकीचा आणि वीजपुरवठा किती काळ थांबवता येईल याचा. तंत्रविद्येच्या इतिहासकाराने साधनाच्या गुणांबरोबर त्याच्या आधी तेथे काय उभे होते, याचीही नोंद घेतली पाहिजे.