मुळशीचा प्रश्न, समुद्राच्या तळाशी

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे मला तिथे नोकरीला लागल्यावर तीन वर्षांनी कळलं, तेही भाडेकराराचा कागद नीट वाचला म्हणून. तोवर मुळशी म्हणजे माझ्यासाठी पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना लागणारं धरण, तिथली भजी आणि परतीच्या वाटेवरचा ट्रॅफिक, एवढंच होतं. धरण कुणाचं, त्यातलं पाणी कुठे जातं, असले प्रश्न इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला पडायला हवे होते. पडले नाहीत.

पाणी कोकणात जातं. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी अडवलेलं हे पाणी स्वाभाविक उतारानं पुण्याकडे, भीमेकडे आणि शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडलं जातं. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचं टाटांचं हे तिसरं वीजकेंद्र, १९२७ सालचं. वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला. अभियांत्रिकी म्हणून पाहिलं तर योजना देखणी आहे. दगडी कोळसा न जाळता, निव्वळ पाऊस आणि घाटाची उंची वापरून शंभर वर्षांपूर्वी वीज काढणं ही साधी गोष्ट नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून मी धरणविरोधी आहे असं कुणाला वाटू नये.

राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक मी २०२४च्या अखेरीस वाचत होतो. त्याच सुमारास, २८ नोव्हेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारनं समुद्रातल्या खनिजांच्या लिलावाची पहिली फेरी जाहीर केली. एकूण १३ पट्टे. गुजरातच्या किनाऱ्यासमोर चुनखडीच्या गाळाचे तीन, केरळसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन आणि ग्रेट निकोबार बेटाजवळ बहुधातू गोळे व कवचांचे सात. पुस्तक आणि बातमी यांचा संबंध मी मुद्दाम जोडायला गेलो नव्हतो. पण बातमी वाचताना पुस्तकातलाच पुढचा भाग वाचतोय असं वाटायला लागलं.

मुळशी पेट्यातल्या लोकांना धरणाची खबर कशी लागली? सरकारनं गावोगावी दवंडी पिटून विचारलं म्हणून नव्हे. कंपनीची माणसं न विचारता शेतात चाचणीचे खड्डे खणायला लागली, तेव्हा लागली. म्हणजे जागा ठरली होती, आराखडा झाला होता, कंपनी १९१९ मध्ये उभी राहिली होती. राहिलं होतं ते फक्त तिथे राहणाऱ्यांना सांगायचं. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती, आणि गावं म्हणजे भातखाचरं. आंबेमोहोर पिकवणारी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती अडवून तयार केलेली होती. तसली जमीन पैसे घेऊन दुसरीकडे विकत मिळत नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहिलं आणि टाटांनी केवळ कायद्यानं मिळालेल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं, असं सुचवलं. काम काही महिने थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मग तुरुंग, मारहाण, पुन्हा सत्याग्रह. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही नावं आपल्याला माहीत असतात. त्यांच्या मागे तुरुंगात गेलेल्या शेतकऱ्यांची आणि बायकांची नसतात. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी बांधकामाची रेल्वेगाडी अडवून शस्त्रानिशी हल्ला केला, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. तोवर भिऱ्याची जनित्रं फिरायला लागून चार वर्षं झाली होती.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट आलीच तर इथे संपते: शूर लोक, क्रूर सरकार, पराभव. व्होरांच्या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. मुळशीतली बरीच जमीन कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच. ती पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती. मावळे आपल्याच खाचरात कूळ म्हणून राबत होते. १८९४च्या भूसंपादन कायद्याला मालक दिसतो आणि बाजारभाव दिसतो. कंपनीसाठी जमीन घ्यायची तर सरकारनं कंपनीशी करार करायचा, मालकाला बाजारभाव द्यायचा, सक्तीनं घेतल्याबद्दल वर १५ टक्के. हिशोब पूर्ण. या हिशोबात सावकार हा पक्षकार होता आणि कूळ कुणीच नव्हतं. सावकारांना सत्याग्रह हवा होता तो चांगला भाव येईपर्यंत. कुळांना जमीन हवी होती. पुण्यातल्या पुढाऱ्यांतही, जमीन सोडायचीच नाही की भरपाईवर तडजोड करायची, यावरून फूट पडली ती या रेषेवर. चळवळ लाठ्यांनी जेवढी खचली, त्याहून जास्त या फुटीनं खचली असं माझं मत आहे.

म्हणजे मुळशीचा प्रश्न 'विकास हवा की नको' हा नव्हता. विचारायचं कुणाला, आणि कधी, हा होता.

आता समुद्र. समुद्राच्या तळाशी बटाट्याएवढे काळे गोळे पडलेले असतात: मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या वेगानं ते वाढतात. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' मोहिमेनं (१८७२–७६) ते वर काढले. आपल्याकडे गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून पहिले गोळे काढले. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं, ते पुढे ७५ हजारांवर आणलं. ते भर समुद्रातलं, कुठल्याच देशाचं नसलेलं क्षेत्र आहे आणि त्याचा कारभार जमैकातल्या किंग्स्टनमधलं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहतं. तिथला नियम निदान कागदावर तरी भव्य आहे: समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ही कल्पना मांडली ती माल्टाच्या अर्विद पार्दो यांनी, म्हणजे एका बेटाच्याच प्रतिनिधीनं.

पण निकोबारजवळचे सात पट्टे भर समुद्रातले नाहीत, आपल्या देशाच्या हद्दीतले आहेत. तिथे सामायिक वारसा वगैरे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार आपल्या सागरी हद्दीखालची सगळी खनिजं केंद्राच्या मालकीची. २००२चा सागरी खनिज कायदा आणि ऑगस्ट २०२३ मधली त्याची दुरुस्ती सांगते की पट्टे लिलावानं द्यायचे, उत्पादनाचा भाडेपट्टा ५० वर्षांचा आणि रॉयल्टी केंद्राला. प्रदूषण आणि मासेमारीचा विचार करावा अशा तरतुदी आहेत, संशोधनासाठी आणि मदतीसाठी एक न्यासही आहे. जवळच्या बेटावरच्या लोकांची संमती घ्या, अशी अट नाही. का असावी? मालक एकच आहे, आणि त्याची संमती आहेच.

इथे १८९४ आठवतो. तो कायदा बदलायला आपल्याला ११९ वर्षं लागली. २०१३च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागेल असं ठरवलं. मुळशीच्या मावळ्यांना हा न्याय वाटला असता का? बारीक अक्षरातलं वाचलं की संशय येतो. या कायद्यात कुळं, शेतमजूर, पाण्यावर पोट असलेले मच्छीमार हे सगळे 'बाधित' आहेत, पुनर्वसनाला पात्र आहेत. पण ८० टक्के मोजायचे ते जमीनमालकांतून आणि सरकारनं जमीन दिलेल्यांतून. कुळांचा हात त्यात मोजला जात नाही. तरीही जमिनीवरचा कायदा निदान एवढा पुढे आला. समुद्रात आपण पुन्हा १८९४ पासून सुरुवात केली आहे.

लिलाव जाहीर झाल्यावर केरळात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मच्छीमार संघटनांनी २७ फेब्रुवारी २०२५ रोजी किनारपट्टीवर बंद पाळला, मार्चमध्ये विधानसभेनं विरोधाचा ठराव केला. ठरावानं केंद्राला बांधून ठेवता येत नाही, पण आवाज दिल्लीपर्यंत गेला. अंदमान-निकोबारला विधानसभाच नाही. केंद्रशासित प्रदेश, लोकसभेत एक खासदार, कारभार नायब राज्यपालांकडे. म्हणजे खनिजाचा मालक केंद्र, लिलाव करणारं केंद्र, बेटावरचं सरकार केंद्राचं, आणि लोकांचं म्हणणं पोचवायचं तेही केंद्राच्याच अधिकाऱ्याकडे. सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं कोड लिहिला त्यालाच तो तपासून मंजूर करायला देत नाहीत. चार रुपयांच्या ॲपला पाळतो तो नियम इथे नाही.

बेटावरच्या लोकांना संमतीचा अनुभव आहे, तो जमिनीवरचा. ग्रेट निकोबारच्या मोठ्या बंदर-विमानतळ प्रकल्पासाठी आदिवासी परिषदेनं ऑगस्ट २०२२ मध्ये ना-हरकत पत्र दिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. मागे घेतलेल्या संमतीचं काय करायचं, याचं उत्तर व्यवस्थेकडे नव्हतं. प्रकल्प पुढे जात राहिला. हे निकोबारी लोक २००४च्या त्सुनामीत आपली किनाऱ्यावरची गावं गमावून बसलेले आहेत आणि आजही तिथे परत जायचं म्हणतात. जमिनीवर ज्यांना कायद्याचा निदान आधार आहे त्यांची ही गत, तर पाण्याखाली काय?

जगातल्या इतर बेटांची कथाही फार वेगळी नाही. पापुआ न्यू गिनीनं 'नॉटिलस' कंपनीच्या समुद्री खाणीत १५ टक्के भागीदारी घेतली. २०१९ मध्ये कंपनी बुडाली आणि गरीब देशाचे सुमारे १२ कोटी डॉलर गेले. फॉस्फेटपायी ज्याचा मधला भाग खरवडून टाकला गेला तो नाउरू आता समुद्री खाणकामाचा सर्वांत उत्साही पुरस्कर्ता आहे. विचित्र वाटतं, पण जमीन संपलेल्याला समुद्रच उरतो. अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये बंदी जाहीर केली, तरी पुढच्याच वर्षी एका कंपनीच्या अर्जावरून वॉशिंग्टननं तिथल्या समुद्रतळाच्या भाडेपट्ट्याची प्रक्रिया सुरू केली. सामोआच्या प्रतिनिधीला अमेरिकी संसदेत अंतिम मतदानाचा हक्क नाही. नाव बदललं तर हा परिच्छेद निकोबारचा वाटेल.

माझ्या ऑफिसात हे बोललो तर मित्र म्हणाला, मग बॅटरीतला कोबाल्ट आणायचा कुठून? प्रश्न खरा आहे. निकेल-कोबाल्टसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत, आणि काँगोतल्या खाणींत काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. टाटांचा युक्तिवादही खोटा नव्हताच. मुंबईला वीज हवी होती. मी त्याला एवढंच म्हटलं की ज्यांना हवी होती त्यांना विचारावं लागलं नाही, आणि ज्यांना विचारावं लागलं असतं त्यांना ती मिळणार नव्हती. तो म्हणाला, तुझा लॅपटॉप चार्जिंगला आहे. होता.

एक फरक मात्र मुळशीच्या बाजूनं होता. मावळ्यांना बसायला जागा होती. धरणाच्या पायावर १२०० माणसं बसली की काम थांबतं, पोलिसांना त्यांना उचलावं लागतं, वर्तमानपत्रात बातमी येते. खोल समुद्राच्या तळाशी कोण बसणार? तिथलं नुकसान पाहायलाही शास्त्रज्ञच लागतात. पेरूसमोरच्या समुद्रात जर्मन संशोधकांनी १९८९ मध्ये तळ नांगरून पाहिला; २०१५ मध्ये परत गेले तेव्हा तास जसेच्या तसे होते. आपल्या दोना पावल्याच्या संस्थेनंही १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळ मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम अभ्यासले होते. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे. ते लिलावाच्या आधी कुणी निकोबारी भाषेत बेटावर जाऊन सांगावं अशी सोय नाही.

मागच्या मे महिन्यात मी मुळशीला गेलो, या वेळी भजी खायला नव्हे. पाणी बरंच खाली गेलेलं होतं. काठाकाठानं चिखलात दगडांच्या ओळी दिसत होत्या, एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, बाबा, हे काय आहे? "खाचराचे बांध," ते म्हणाले, आणि कुणाची खाचरं ते आडनावांसकट सांगायला लागले.