इतिहास मागे ठेवून उघडलेली नोंदवही

भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे आणि सी-डॅकच्या ‘परम’ मालिकेतील आजचे महासंगणकही लिनक्सवरच चालतात. या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, कोणती ओळ कोणी, केव्हा व का बदलली याची नोंद ‘गिट’ ठेवते. या नोंदवहीचा जन्म एका पेचप्रसंगातून झाला.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल लिहावयास घेतले. पहिली दहा वर्षे दुरुस्त्या ई-मेलने येत व ते स्वतः त्या जोडीत. व्याप वाढल्यावर २००२ मध्ये त्यांनी ‘बिटकीपर’ स्वीकारले. ते कार्यक्षम होते, मात्र खासगी मालकीचे. विनामूल्य वापरणाऱ्याने स्पर्धक साधन घडवू नये, अशी अट होती. खुल्या प्रणालीची स्मृती परक्या कुलपात ठेवणे अनेकांना तेव्हाच खटकले होते. पुढे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरमधील नोंदी वाचणारे स्वतंत्र साधन लिहिले. त्यावरून वाद पेटला आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य वापराची मुभा संपुष्टात आली.

पर्याय होते. ‘सीव्हीएस’ एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर विसंबून होते. ‘मोनोटोन’ची कल्पना उत्तम होती, पण कर्नलच्या आकारापुढे ते संथ पडे. एक दुरुस्ती बसण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागू नये, ही टॉरव्हाल्ड्स यांची कसोटी होती. अखेर ३ एप्रिलला त्यांनी स्वतःच लेखन आरंभले आणि ७ एप्रिलला गिट स्वतःचीच नोंद ठेवू लागले.

रचना साधी होती. प्रत्येक मजकुरावरून गणिताने एक ठसा काढावयाचा आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफावयाचा. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलली, तर पुढचे सारे ठसे चुकतात.

१६ एप्रिलला कर्नलच्या १७ हजारांहून अधिक फायली गिटमध्ये आल्या. पूर्वेतिहास मात्र मुद्दाम मागे ठेवला गेला. तो सुमारे ३.२ गिगाबाइट भरत होता आणि कोवळ्या साधनाला एवढे ओझे नको होते. तो इतिहास पुढे स्वतंत्र संग्रहात जतन झाला.

२०१६ मध्ये बिटकीपरही खुले झाले. तोवर कर्नलचा इतिहास जगभरच्या असंख्य संगणकांवर पूर्ण प्रतींच्या रूपाने पोहोचला होता. आता कोणा एकाने परवानगी काढून घेतली, तरी तो पुसला जाणार नव्हता.