अजून एक सॉकेट: ब्रिटनची रिंग आणि आपला बोर्ड

हा भाग ऐकताना तुमचा फोन बहुतेक चार्जिंगलाच असेल. आणि त्याच एक्स्टेन्शनमध्ये अजून दोन-तीन पिना खोचलेल्या असतील. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "अजून एक सॉकेट काढून घेऊ, त्यात काय एवढं!"

गंमत म्हणजे, हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला अख्ख्या देशासाठी पडला होता.

तेव्हा तिकडे गोल पिनांचे प्लग होते: 2, 5 आणि 15 अँपिअरचे. 15 अँपिअरच्या सॉकेटला साधारणपणे फ्यूजबोर्डापासून स्वतंत्र वायर लागायची. म्हणजे सॉकेट वाढवायचं तर पुन्हा वायर, पुन्हा फ्यूज. एवढा खर्च कोण करणार? लोक सरळ दिव्याच्या होल्डरमध्येच इस्त्री लावायचे.

युद्ध चालू असतानाच युद्धानंतरच्या घरांचा विचार करायला एक समिती बसली. त्यात एकच बाई होत्या, कॅरोलिन हॅसलेट. स्वयंपाकघरात वीज खरोखर कशी वापरली जाते, हे त्यांना नीट माहीत होतं. लहान मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा त्यांनी लावून धरला. 1944 मध्ये अहवाल आला.

तांब्याची टंचाई होती. म्हणून युक्ती निघाली ती रिंगची. बोर्डातून निघालेली वायर सगळ्या सॉकेटांमधून फिरून परत बोर्डातच येते. करंटला दोन वाटा मिळतात, त्यामुळे कमी जाडीच्या वायरवर जास्त सॉकेटं चालतात. पण रिंगचा फ्यूज होता 30 अँपिअरचा. टेबललॅम्पची बारीक वायर जळाली, तरी त्या फ्यूजला पत्ता लागणार नाही! म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच छोटा फ्यूज घातला. 1947 मध्ये बीएस 1363 हे मानक आलं: तीन चौकोनी पिना, आणि भोकांवर झडपा. अर्थिंगची लांब पिन आधी आत जाते, तेव्हाच बाकीच्या झडपा उघडतात.

या रिंगमध्ये एक लपलेला धोकाही आहे. रिंग कुठे तुटली तरी सगळी सॉकेटं चालूच राहतात. कळत काहीच नाही, पण उरलेल्या एका वाटेवर सगळा भार येतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, बरं का! तिकडे रिंगला फाटा काढून सॉकेट वाढवायचं, तर बिनफ्यूजच्या एका फाट्यावर एकच सिंगल किंवा डबल सॉकेट, असा नियम आहे.

आता आपल्याकडे या. आपण ब्रिटिशांची जुनी गोल पिनच ठेवली. 5 चे 6 झाले, 15 चे 16 झाले. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नाही आणि घरात सहसा रिंगही नाही. म्हणजे भिंतीतल्या वायरला वाचवणारा एकच राखणदार: बोर्डावरचा एमसीबी.

म्हणून आपल्याकडचा जुना नियम असा, की लाइट-फॅनच्या सर्किटवर जास्तीत जास्त 10 पॉइंट आणि 800 वॉट भार. आता तिथूनच वायर ओढून 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं आणि त्यावर 2000 वॉटचा गीझर लावला, तर? एमसीबी पडायला लागतो. मग कुणीतरी 'उपाय' करतं: मोठा एमसीबी टाकतं. आता एमसीबी पडत नाही, तापते ती भिंतीतली वायर. राखणदाराला झोपवलं आणि म्हटलं, चोर येत नाहीत!

तेव्हा सॉकेट वाढवण्याआधी परवानाधारक वायरमनला तीन गोष्टी विचारा. ही वायर कुठल्या एमसीबीवरून येते? तिची जाडी किती, आणि त्यावर आधीच काय काय चालतं? अर्थिंग खरंच जोडलेलं आहे, की तिसरं भोक नुसतंच शोभेचं आहे? गीझर, एसी, इंडक्शन असेल तर बोर्डापासून स्वतंत्र वायरच घ्या. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही बघा. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

सॉकेट स्वस्तात मिळतं. खरा प्रश्न त्याच्या मागच्या वायरचा आहे. त्या समितीने सॉकेट, वायर आणि फ्यूज या तिघांचा एकत्र विचार केला. आपणही निदान आपल्या घरापुरता तेवढा करू.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तो एक्स्टेन्शन बोर्ड हाताला गरम लागतोय का, एकदा बघा.