विश्रामगड आणि रानवाटांची विद्या

शहरांतल्या सुखवस्तु घरांत एखाद्या मुलानें शनिवार-रविवार रानांत राहुटी ठोकून काढण्याचा बेत सांगितला, तर वडील मंडळींच्या मनांत दोन विचार येतात. एक, हें साहेबी खूळ आहे. आणि दुसरा, त्यांत शिकण्यासारखें असें काय आहे? दोन्ही विचार वरवर बरोबर दिसतात. पण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या इतिहासाशीं ताडून पाहिले तर दोन्ही टिकत नाहींत. रानांत तळ देणें, वाट काढणें, पाणी हुडकणें, चूल पेटवणें आणि प्रसंगीं चूल न पेटवतां रात्र काढणें, ही विद्या या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत फार जुनी आहे. आणि एकदां तर एका राज्याचें भवितव्यच तिच्या आधारावर तरलें.

या कथेला आरंभ सपाटीवरून करावा हें बरें. कारण सपाटीची जाणीव असल्याशिवाय डोंगराचें मोल कळत नाहीं. शिर्डीच्या दक्षिणेस अगदीं जवळ राहाता हें गांव आहे. 1999 मध्यें तें तालुक्याचें ठिकाण झालें. या तालुक्याच्या उत्तरेस पुणतांब्याजवळून गोदावरी वाहते, दक्षिणेस कोल्हारजवळून प्रवरा वाहते, आणि मधला मुलूख काळ्या मातीचा, सपाट व उघडा आहे. कालव्याचें पाणी येण्यापूर्वीं ही अवर्षणाची भूमि होती. विसाव्या शतकांत पाटांचें पाणी खेळूं लागलें आणि ऊस व पेरूच्या बागा उभ्या राहिल्या. अशा मुलखांत माणसाला रानाची ओळख राहत नाहीं. येथें वाट विचारावी लागत नाहीं; ती समोर दिसते. पाणी शोधावें लागत नाहीं. तें पाटानें दारीं येतें. पण हीच सपाटी, पाठीवर शत्रु असलेल्या सैन्याला किती भयंकर वाटत असेल, याची कल्पना 1679 च्या नोव्हेंबर महिन्यांतील घटनेवरून येते.

त्या वर्षीं दिलेरखानानें विजापूरवर मोहीम केली होती. विजापूरकरांच्या मदतीची याचना आली तेव्हां शिवाजी महाराजांनीं जी नीति स्वीकारली ती त्यांच्या नेहमींच्या पद्धतीचीच होती. खानाशीं समोरासमोर झुंजण्याऐवजीं मोगलांच्या मुलखांत खोल शिरावयाचें, म्हणजे त्याला मागें वळणें भाग पडेल, असा तो डाव होता. भीमेपासून उत्तरेकडे मुलूख मारीत मराठी फौज औरंगाबादेच्या पूर्वेस जालन्यापर्यंत गेली. जालना ही तेव्हां संपन्न पेठ होती. चार दिवस ती पेठ लुटली गेली, आणि सोनें, रुपें, कापड, घोडीं, उंट असा मोठा ऐवज घेऊन फौज परत फिरली.

येथेंच संकट उभें राहिलें. जातांना मराठी लष्कराचें बळ त्याच्या वेगांत असे. परततांना हा वेग लुटीच्या ओझ्यानें खाल्ला. जालना गोदावरीच्या उत्तरेस, तर आश्रयाचे किल्ले दक्षिणेकडे सह्याद्रींत. म्हणजे गोदावरी ओलांडून तिच्या व प्रवरेच्या मधल्या उघड्या मुलखांतून संगमनेरच्या बाजूला येण्याखेरीज गत्यंतर नव्हतें. रणमस्तखानानें पाठलाग करून संगमनेरजवळ फौजेला गांठलें. सिधोजी निंबाळकर आपल्या पांच हजार स्वारांनिशीं पिछाडी राखण्यासाठीं उभे राहिले. तीन दिवस लढाई झाली असें बखर सांगते. त्या लढाईंत सिधोजी पडले, त्यांच्याबरोबर अनेक लोक पडले, आणि सरनोबत हंबीरराव मोहिते जखमी झाले.

याहून वाईट बातमी पुढेंच होती. औरंगाबादेहून मोगलांची नवी कुमक येत होती. तींतल्याच केसरीसिंह नांवाच्या सरदारानें, वेढा पुरा पडण्यापूर्वीं निघून जावें, असा निरोप गुप्तपणें धाडल्याची हकीकत सांगितली जाते. मागें रणमस्तखान, बाजूला ताजी फौज आणि हातांत थकलेलीं घोडीं, अशी ही स्थिति होती. महाराजांच्या आयुष्यांत पन्हाळा आणि आग्रा हे प्रसंग लोकांच्या तोंडीं आहेत. परंतु त्यांच्याइतकाच कठीण असा हा प्रसंग फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो.

या वेळीं पुढें आला तो सरदार नव्हता, मुत्सद्दी नव्हता. बहिर्जी नाईक हा महाराजांचा जासूद होता. त्यानें फौजेला सुखरूप नेण्याची हमी घेतली आणि आडवाटेनें तिला रातोरात काढलें. तीन दिवस व तीन रात्री अखंड कूच करून, बरीच लूट मागें टाकून, फौज पट्टा किल्ल्याच्या आश्रयाला पोंचली. 22 नोव्हेंबर 1679 च्या सुमारास महाराज पट्ट्यावर होते.

बखरकारानें ही गोष्ट दोन-चार वाक्यांत उरकली आहे. पण तिच्यांत किती ज्ञान सांठवलेलें आहे हें ओळखावयाचें तर रात्रीच्या अंधारांत अनोळखी डोंगरांत एकदां चालून पाहिलें पाहिजे. एकटा माणूस चांदण्यांवरून दिशा काढूं शकतो. हजारों घोड्यांना नुसती दिशा पुरत नाहीं. वाट घोड्याच्या पायाखालीं टिकणारी हवी. तिच्यावर ठराविक अंतरानें पाणवठा हवा, आणि तो नोव्हेंबरांत आटलेला नसावा. पावसाळा संपून दीड-दोन महिने झाले कीं डोंगरांतले ओढे एकामागून एक कोरडे पडूं लागतात. कोणत्या घळींत पाणी उरतें हें नकाशावरून कळत नाहीं, तें दरसाल पाहूनच कळतें. मशाल लावावी तर शत्रूला ठाव लागतो. न लावावी तर पुढचा मागच्यापासून तुटतो. खिंड कोणती, आणि खिंडीसारखी दिसणारी पण पुढें कड्यावर नेऊन सोडणारी घळ कोणती, हा भेद अंधारांत करावा लागतो. बहिर्जीनें जें केलें तें धाडस खरेंच; पण त्या रात्रीच्या आधीं कित्येक वर्षें पायांनीं केलेला अभ्यास त्या धाडसाच्या मुळाशीं होता.

आश्रय म्हणून पट्ट्याची निवड कशी योग्य होती हें आजही जागेवर गेल्यावर पटतें. कळसूबाईच्या रांगेच्या पूर्व भागांत, अकोले तालुक्याच्या उत्तर सीमेवर हा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें 1390 मीटर आहे. माथा प्रशस्त आहे, कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत, वाऱ्यापावसापासून आडोसा देणाऱ्या गुहा आहेत. जवळच औंढा व बितनगड हे सोबतीचे किल्ले उभे आहेत, आणि पश्चिमेस महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच शिखर कळसूबाई दिसतें. म्हणजे रानांत तळ देणाऱ्यानें जागा निवडतांना जे प्रश्न विचारावे, पाणी आहे काय, आडोसा आहे काय, लांबवर दिसतें काय आणि निसटावयास दुसरी वाट आहे काय, त्या सगळ्यांना येथें होकारार्थी उत्तर मिळतें. महाराजांनीं या गडावर कांहीं दिवस विश्रांति घेतली आणि म्हणून त्याला विश्रामगड हें नांव मिळालें. थकलेल्या फौजेचा हा तळ फार मोलाचा ठरला. त्याच सुमारास युवराज संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणींतून निसटले व डिसेंबरांत पन्हाळ्यास परत आले. पितापुत्रांची भेट त्यानंतर झाली. पुढें 3 एप्रिल 1680 रोजीं रायगडावर महाराजांचा अंत झाला. संगमनेरजवळ तो डाव फसता तर ही भेट झाली नसती, आणि मराठी राज्याची पुढली वाटचाल कशी झाली असती याचा तर्कही करवत नाहीं.

ही विद्या एकट्या बहिर्जीची नव्हती. सह्याद्रीच्या माथ्यावर व त्याच्या कुशींत राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, रामोशी अशा लोकांची ती पिढीजात मिळकत होती. कारवीच्या कुडाचें घर, नागली व वरईचें पीक, हिरडा, करवंद, मध आणि कंद यांची पारख, जनावराच्या पावलावरून त्याची चाल ओळखणें हें सारें त्यांच्या नित्याच्या जीवनाचा भाग होतें. किल्ल्यांच्या चौक्या-पहाऱ्यांवर या लोकांची नेमणूक असे, आणि त्या चाकरीवर त्यांच्या घरांची चूल पेटे.

1818 मध्यें पेशवाई बुडाली आणि हें सारें बदललें. इंग्रजांनीं डोंगरी किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या ठिकठिकाणीं सुरुंगानें उडवल्या, शिबंदी मोडली, पहारेकऱ्यांची चाकरी गेली. जी विद्या काल राज्याचें रक्षण करीत होती तीच आज सरकारला शत्रूसारखी वाटूं लागली. अकोले तालुक्यांतल्या देवगांवचे राघोजी भांगरे यांनीं बंड उभारलें तें याच मुलखाच्या आधारावर. कित्येक वर्षें इंग्रजी फौजेला ते सांपडले नाहींत, कारण रानाची बाजू त्यांच्याकडे होती. अखेर 1848 च्या आरंभीं पंढरपुरास ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजीं ठाण्यास त्यांना फांशी देण्यांत आलें. राघोजी पकडले गेले ते रानांत नव्हे, सपाटीवरच्या यात्रेच्या गांवांत, ही गोष्ट पुष्कळ कांहीं सांगून जाते.

पुढें 1865 व 1878 च्या जंगल कायद्यांनीं उरलेलें काम पुरें केलें. जंगलें राखीव झालीं. ज्या फांदीनें काल चूल पेटत होती ती तोडणें आज गुन्हा ठरलें. ज्या वाटेनें आजोबा मधाला जात त्या वाटेवर नातवाला परवाना दाखवावा लागला. कायद्याला झाडें वाचवण्याचा एक हेतु होताच, तें नाकारतां येत नाहीं. पण झाडांबरोबर झाडें जाणणाऱ्या माणसालाही परकें करून टाकल्यानें, एक मोठें ज्ञान बोलेनासें झालें.

आणि याच काळांत तीच विद्या दुसऱ्या दारानें परत येऊं लागली. बेडन-पॉवेल हा इंग्रज अधिकारी 1876 मध्यें हिंदुस्थानांत आला. पुढें मीरतेस पलटणीचा मुख्य असतांना त्यानें आपल्या शिपायांना लहान लहान तुकड्यांनीं टेहळणीस पाठवून, माग काढणें, खुणा वाचणें, एकट्यानें वाट शोधणें यांचें शिक्षण दिलें. त्यावरचें त्याचें छोटें पुस्तक 1899 मध्यें प्रसिद्ध झालें. शाळकरी मुलांनाही तें आवडलेलें पाहून त्यानें 1907 च्या ऑगस्टमध्यें ब्राऊनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरवलें, आणि 1908 पासून बालवीर चळवळ सुरू झाली. त्या शिबिरांत सरदाराचीं व कारकुनाचीं नव्हे, तरी बड्या शाळांतलीं आणि कामकरी घरांतलीं मुलें एकाच राहुटींत राहिलीं, हें त्याचें खरें नवेपण होतें.

हिंदुस्थानांत मात्र हें नवेपण आरंभीं आलें नाहीं. 1909 मध्यें बंगळूरास पहिलें पथक निघालें, पण पहिलीं पथकें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतींच होतीं. ज्या देशांत या विद्येचा एक मोठा धडा गिरवला गेला त्याच देशाच्या मुलांना तिच्या शाळेंत जागा नव्हती! हा अन्याय दूर करण्यासाठीं ॲनी बेझंट व अरुंडेल यांनीं 1917 मध्यें मद्रासेस हिंदी मुलांची स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादेस पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजीं, वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था निघाली. तेव्हां साहेबी खूळ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. गणवेश व शिट्टी परदेशांतून आली असेल. पण विद्या येथलीच होती, आणि तिचे जुने गुरु अद्याप डोंगरांत राहत होते.

आतां दुसरा आक्षेप, कीं दोन दिवसांत शिकण्यासारखें काय आहे? राहात्याहून एखादें कुटुंब संगमनेर-अकोल्याच्या वाटेनें निघून पट्ट्याच्या पायथ्याशीं मुक्कामास गेलें, तर पहिल्या संध्याकाळींच उत्तर मिळतें. ओल्या काटकीनें धूर होतो, जाळ होत नाहीं. वाऱ्याकडे तोंड करून मांडलेली चूल जेवण करपवते. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत झोपावयाचें नसतें. सप्तर्षींवरून ध्रुव काढतां येतो, पण ढग आले तर डोंगराची ओळखीची सोंडच कामीं येते. टाक्यांतलें पाणी उकळून प्यावें, उभें झाड तोडूं नये, वन खात्याचे नियम पाळावे आणि निघतांना राखेखेरीज, तीही मातीखालीं विझवलेली, कांहीं मागें ठेवूं नये. हे नियम लहानसे आहेत, पण ते पुस्तकांतून अंगीं लागत नाहींत. सर्वांत मोठा धडा तर वाटाड्याच्या मागून चालतांना मिळतो. शाळेंत फारसा न गेलेला माणूस पुढें असतो, शिकलेला माणूस मागें. आणि मागच्याचा जीव पुढच्याच्या ज्ञानावर असतो. संगमनेरजवळच्या त्या रात्रीं एक छत्रपति याच रीतीनें चालले होते.

पट्ट्याच्या आसपासच्या पठारांवर आज पवनचक्क्या फिरतात आणि त्यांच्यासाठीं केलेले रस्ते वर चढतात. रान पूर्वींइतकें दाट राहिलेलें नाहीं. पण पट्ट्याच्या उतारांवरून निघणाऱ्या आढळा व म्हाळुंगी या नद्या अजूनही संगमनेरच्या परिसरांत प्रवरेला मिळतात, आणि ती प्रवरा पुढें कोल्हारावरून गोदावरीकडे जाते. सपाटीवरच्या मळ्यांना डोंगराचा आधार एकदां लढाईंत लागला. पाण्यासाठीं तो रोजच लागतो. या ऋणाची आठवण ठेवण्याचे मार्ग अनेक असतील. त्यांपैकीं एक असा कीं, वर्षांतून दोन रात्री तरी घरचें छप्पर सोडावें, डोंगराच्या पायथ्याशीं पाठ टेकावी आणि तेथल्या माणसाला आदरानें वाट विचारावी.